आउटबोर्ड होडीचं स्टेअरिंग जड झालं तर: दोष नेमका कुठे आहे ते शोधा, मगच पाना उचला

पावसाळाभर झापांखाली किंवा ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होडी पुन्हा पाण्यात ढकलायची वेळ आली की मालवण, तारकर्ली, देवबागपासून गोव्याच्या खाड्यांपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते: चाक फिरत नाही. मे महिन्यात दोन बोटांनी फिरणारं चाक आता दोन्ही हातांनी ओढावं लागतं. मग कुणी चाकाला लोंबकळतो, कुणी इंजिनलाच धक्के देतो. थोडंसं सुटलं की 'चालवताना मोकळं होईल' म्हणून होडी बाहेर पडते.

असं करू नका. चाकावर जोर दिला की तो सगळा जोर हेल्मच्या दात्यांवर आणि केबलच्या गाभ्यावर येतो. अडकलेला भाग तसाच राहतो, चांगला भाग मोडतो. आणि तो बहुधा भर पाण्यात, वळण घेताना मोडतो.

दुसरी चूक खर्चाची. स्टेअरिंग जड म्हणजे केबल गेली, असं धरून लोक थेट नवी केबल आणतात. जुनी निघता निघत नाही, कशीबशी काढून नवी घालतात आणि दोन महिन्यांत तीही जड होते. कारण दोष केबलमध्ये नव्हताच, केबल ज्या नळीतून जाते तिथे होता.

आधी रचना समजून घ्या

इथे मुख्यतः एका आउटबोर्ड इंजिनाच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या, केबलवर चालणाऱ्या स्टेअरिंगबद्दल लिहिलं आहे. फायबरच्या बहुतेक छोट्या सहल-होड्यांवर हेच असतं. हायड्रॉलिकबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

चाकामागे डॅशबोर्डात हेल्म असतो, म्हणजे गिअरची डबी. चाक फिरलं की हेल्म केबलच्या आतला गाभा पुढे ढकलतो किंवा मागे ओढतो. केबल होडीच्या काठाखालून मागे इंजिनापर्यंत जाते. तिच्या मागच्या टोकाला गुळगुळीत स्टीलचा दांडा असतो, त्याला रॅम म्हणतात. हा रॅम इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून आरपार जातो. इंजिन वर उचलताना ज्या आडव्या नळीभोवती ते फिरतं, तीच ही टिल्ट ट्यूब. केबल एका बाजूने मोठ्या नटाने नळीला आवळलेली असते आणि दुसऱ्या बाजूने रॅमचं टोक बाहेर येतं. त्या टोकाला लिंक रॉड जोडलेला असतो आणि लिंक रॉड इंजिनाच्या स्टेअरिंग आर्मला, म्हणजे इंजिन वळवणाऱ्या दांडीला. रॅम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ९ इंच सरकतो, म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर.

नळीचा आतला व्यास ५/८ इंच, सुमारे १६ मिलिमीटर. रॅम आणि नळी यांच्यात मोकळी जागा अगदी थोडी. तिथलं ग्रीस खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने सुकून मेणासारखं घट्ट होतं, त्यात मीठ आणि गंज मिसळतो आणि रॅम नळीत चिकटून बसतो. जड स्टेअरिंगची सर्वांत जास्त प्रकरणं इथेच संपतात.

बाकीच्या जागा तीन. एक, इंजिन डावी-उजवीकडे ज्या उभ्या खुंटावर फिरतं तो स्विव्हल ब्रॅकेट. दोन, केबलचा आतला गाभा. तीन, हेल्म.

फुकटात सुटणाऱ्या गोष्टी

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा. इंजिन आधी हँडलवर चालत असेल आणि नंतर चाकाला जोडलं असेल, तर त्याचा स्टेअरिंग फ्रिक्शनचा स्क्रू किंवा लिव्हर आवळलेला राहिला आहे का? हँडल सोडलं तरी इंजिन जागेवर राहावं म्हणून ती सोय असते. चाक जोडलं की ती पूर्ण सैल हवी. हे इतक्यांदा विसरलं जातं की पहिलं बोट तिथेच ठेवावं.

मग केबलचा मार्ग बघा. नवी बॅटरी, पेट्रोलची टाकी, नांगराचा दोर, काहीतरी केबलवर दाबून बसलेलं असतं. कुणीतरी वायरींसोबत केबलही प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेली असते. केबलच्या वळणाची त्रिज्या ८ इंचांपेक्षा, म्हणजे २० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. त्याहून कडक वळण असेल तर नवी केबलही जड चालेल. चाक डॅशबोर्डच्या कडेला घासत नाही ना, तेही पाहून घ्या.

कुठे अडतंय ते ओळखणं

होडी जमिनीवर किंवा ट्रेलरवर, इंजिन बंद, चावी काढलेली, किल-स्विचची (इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली. इंजिन खाली सरळ उभं करा. आता एकेक सांधा सोडत जायचं आणि प्रत्येक वेळी हात लावून पाहायचं. क्रम बदलू नका.

१. लिंक रॉड इंजिनाच्या स्टेअरिंग आर्मवरून सोडा. नट नायलॉनच्या कड्याचा, स्वतः घट्ट राहणारा असतो. वायसर कुठल्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२. इंजिन हाताने डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. सारख्या, हलक्या जोराने फिरलं तर स्विव्हल ब्रॅकेट ठीक आहे. जड गेलं किंवा मध्येच अडलं तर दोष तिथे आहे.

३. आता चाक फिरवा. हलकं फिरलं आणि रॅम सहज सरकला, तर पुन्हा लिंक रॉडकडे या: तो वाकलाय किंवा जोडताना जास्त आवळला होता.

४. चाक अजून जडच असेल तर केबलचा मोठा नट सोडून रॅम टिल्ट ट्यूबमधून बाहेर काढा. चाक पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर दोष नळीत. जडच राहिलं तर नळी ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा हेल्ममध्ये.

५. केबल हेल्मपासून सोडा आणि नुसतं चाक फिरवा. हेल्म मोकळा फिरला तर केबल गेली. तो खरखरला, अडला तर हेल्म गेला.

स्विव्हल आणि नळी दोन्ही एकदम जड असणं अगदी सामान्य आहे, कारण दोन्हींना ग्रीस देणारा माणूस एकच आणि विसरणाराही तोच. त्यामुळे दुसऱ्या पायरीवर दोष सापडला तरी तिसरी करून घ्या.

नळीत अडकलेला रॅम काढणं

घाई केलीत तर शंभराचं काम हजारावर जातं ते इथे. लागणारं सामान: मोठा ॲडजस्टेबल पाना, गंज सोडवणारं पातळ स्प्रे-तेल, पितळेचा किंवा कठीण लाकडाचा १४ मिलिमीटर जाडीचा गोल दांडा, हातोडी, रॉकेल, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, फडकी आणि मरीन ग्रीस.

शक्य असेल तर आधी चाक फिरवून रॅम जास्तीत जास्त नळीच्या आत घ्या. चाक अजिबात हलत नसेल तर जोर देऊ नका, आहे तिथून सुरुवात करा. नळीच्या दोन्ही तोंडांशी स्प्रे-तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा थोडं सोडा. तेलाला वेळ लागतो. दहा मिनिटांत हातोडी उचलणाऱ्याला तेलाचा काही उपयोग नाही.

मग केबलचा मोठा नट सोडा. नटाला गंज असेल तर दुसऱ्या पान्याने नळीचं टोक धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर नळीच फिरते. नट सुटला की लिंक रॉडच्या बाजूने, म्हणजे रॅमचं मोकळं टोक जिथे दिसतं तिथून, रॅमला पितळी दांड्याने ठोका. ठोके हलके आणि भरपूर. हातोडी थेट रॅमवर मारली तर टोक फुलून पसरतं आणि पसरलेलं टोक मग नळीतून निघत नाही. थोडा सरकला की तेल, परत ठोके, परत तेल. मधूनमधून रॅम पान्याने गोल फिरवून पाहा. सरळ ओढण्यापेक्षा फिरवल्याने चिकटलेला थर लवकर तुटतो. पाना मात्र टोकाच्या चपट्या भागावरच लावा. रॅमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पक्कड लावली तर तिचे ओरखडे पुढे नळी खरवडतात.

तरीही हलत नसेल तर नळीला बाहेरून हॉट एअर गनने ऊब द्या. हात लावता येणार नाही इतकी गरम झाली की पुरे. गॅसची ज्योत वापरू नका. आतले प्लॅस्टिकचे बुश वितळतात आणि होडीत पेट्रोलची वाफ असते. गन वापरण्याआधी टाकी आणि पेट्रोलची नळी होडीतून बाहेर काढा, तळाचं पाणी उपसा, हवा खेळू द्या. नुकत्याच मारलेल्या स्प्रेची वाफही पेट घेते, म्हणून तो पुसून, वाळू देऊन मगच गरम करा.

एक अडचण आधीच पाहून ठेवा. रॅम सरळ बाहेर यायला नळीच्या बाजूला एक-दीड फूट मोकळी जागा लागते. काही होड्यांत फायबरची भिंत किंवा दुसरं इंजिन आड येतं. मग ट्रान्समवरून, म्हणजे मागच्या फळीवरून, इंजिन सोडून वर उचलल्याशिवाय रॅम निघत नाही. ते काम चेन-पुली असलेल्या कारागिराचं.

केबल तशीही बदलायची असेल तर नटाजवळ ती कापून टाका. मागची लांब केबल सुटली की रॅम ठोकायला बराच सोपा जातो.

साफसफाई आणि ग्रीस

रॅम बाहेर आला की जुनं ग्रीस रॉकेलने पुसून स्क्रबरने घासा. मग उजेडात तिरपा धरून पाहा. डाग चालतील. नखाला लागतील असे खड्डे असतील, किंवा काचेवर लोळवल्यावर रॅम उडत असेल, तर केबल बदला. खड्ड्यात पाणी साचतं आणि नवं ग्रीस महिन्याभरात खराब होतं. रॅमच्या मुळाशी केबलचं वेष्टण तडकलंय का, तेही बघा.

नळीसाठी लाकडी काठीच्या टोकाला खाच पाडून त्यात स्क्रबरची पट्टी अडकवा आणि रॉकेलमध्ये बुडवून आतबाहेर फिरवा. बाटली धुण्याचा ब्रश ड्रिलला लावूनही चालतं. पहिल्या फेऱ्यांत चॉकलेटी चिखल निघेल. तो निघायचा थांबेपर्यंत थांबू नका. गंजाची पापुद्री धरून असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर काठीला गुंडाळून फिरवा. भोक मोठं करायचं नाही, फक्त थर काढायचा. शेवटी कोरडं फडकं आरपार ओढा. एका टोकाकडून बॅटरी मारली तर दुसरीकडून चमक दिसायला हवी. रॉकेल पूर्ण वाळू द्या, ते राहिलं तर ग्रीस पातळ करतं.

ग्रीस मरीनच घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं. ट्रकच्या बेअरिंगचं साधं ग्रीस खाऱ्या पाण्यात धुऊन जातं आणि उरतं त्याचा साबण होतो. आपण आत्ता खरवडून काढला तो चिखल बऱ्याचदा त्याचाच असतो. नळीच्या आत बोटाने आणि काठीने पातळ थर द्या, रॅमवर पूर्ण लांबीभर द्या. रॅम आत सरकवा, दोन-चार वेळा आतबाहेर करा, बाहेर आलेलं पुसा. मोठ्या नटाच्या आट्यांवरही ग्रीस लावा, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल.

मर्क्युरी कंपनीच्या इंजिनांच्या पुस्तिकांत मोठ्या नटाचं टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, ४७.५ न्यूटन-मीटर दिलेलं असतं. लिंक रॉड आर्मला जोडणाऱ्या बोल्टचं आणि त्याच्या नटाचं २७. रॅमकडच्या नटाची गोष्ट वेगळी: तो टेकेपर्यंत आवळायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा, कारण तो सांधा फिरता राहायला हवा. तो करकचून आवळणं हेही जड स्टेअरिंगचं एक कारण आहे. तुमचं इंजिन दुसऱ्या कंपनीचं असेल तर आकडे तिच्या पुस्तिकेतले घ्या. नायलॉनचे नट दरवेळी नवे वापरा. नायलॉन एकदा कापला गेला की धरून ठेवत नाही, आणि हा नट निसटला तर स्टेअरिंगच निसटलं.

काही इंजिनांच्या टिल्ट ट्यूबवर ग्रीसचं निपल असतं. तिथे ग्रीस गन लावण्याआधी चाक फिरवून रॅम पूर्ण आत घेतलाच पाहिजे. रॅम बाहेर असताना ग्रीस भरलं तर रिकाम्या नळीत ग्रीसचा खांब तयार होतो. मग चाक फिरवल्यावर रॅमला आत यायला जागा नसते आणि स्टेअरिंग जॅम होतं. 'काल ग्रीस दिलं, आज जास्तच जड झालं' असं कुणी म्हणालं तर हेच झालेलं असतं.

स्विव्हल ब्रॅकेट जड असेल तर

ब्रॅकेटवर बहुधा एक-दोन निपल असतात. ग्रीस गनने ग्रीस भरत असताना दुसऱ्या माणसाने इंजिन सावकाश डावी-उजवीकडे हलवत राहायचं. वरून आणि खालून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं स्वच्छ दिसू लागलं की थांबा. ग्रीस आत न जाता निपलच्या बाजूने गळत असेल तर निपल चोंदलं आहे. ते काढा, भोकातला दगड झालेला थर तारेने उकरा, नवं निपल बसवा. त्यातूनही जात नसेल तर ब्रॅकेटला हॉट एअर गनने ऊब देऊन पुन्हा प्रयत्न करा. पेट्रोलची काळजी आधी सांगितली तीच. इतकं करूनही इंजिन हलत नसेल तर ॲल्युमिनिअम खाऱ्या पाण्याने फुगून बुश आवळले गेलेत. खुंट बाहेर काढल्याशिवाय ते सुटत नाही, घरी करू नका.

केबल गेली असेल तर

केबल उलटी टांगून आत तेल सोडणं, वेष्टणाला भोक पाडून निपल लावणं, असले उपाय बंदरावर सांगितले जातात. केबल कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेली असते. आत पाणी गेलं की गाभा गंजतो. तेलाने आठवडाभर हलकी वाटते, पण गंज तसाच राहतो आणि पाडलेल्या भोकातून आणखी पाणी जातं. जड केबल म्हणजे बदलायची केबल, याला पर्याय नाही.

लांबीचा आणि मॉडेलचा नंबर वेष्टणावर छापलेला असतो, बहुधा हेल्मच्या टोकाजवळ. लांबी फुटांत असते. नंबर पुसला असेल आणि हेल्म गोल, रोटरी प्रकारचा असेल, तर वेष्टणाची लांबी इंचांत मोजा, तीत १८ मिळवा आणि वरच्या पूर्ण फुटाला घ्या. म्हणजे वेष्टण १४४ इंच भरलं तर १६२ इंच, म्हणजे साडेतेरा फूट, म्हणून १४ फुटी केबल. रॅक प्रकारच्या हेल्मला हा हिशोब चालत नाही. लांब केबल घेऊन उरलेलं गुंडाळून ठेवू नका, प्रत्येक जादा वळण घर्षण वाढवतं. आणि नवी केबल घालण्याआधी नळी वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, नाहीतर पैसे पाण्यात.

जुनी केबल ओढून काढताना तिच्या टोकाला दोरी बांधा, तीच दोरी नवी केबल ओढायला उपयोगी पडते. हेल्म बिघडला असेल तर तो बहुतेक वेळा अख्खाच बदलावा लागतो.

हायड्रॉलिक असेल तर

इथेही सुरुवात तीच. सिलिंडर आर्मपासून सोडा, इंजिन हाताने फिरवा. ते मोकळं असेल तर सिलिंडरच्या दांड्यावर गंज किंवा वाक आहे का आणि होज कुठे मुडपला आहे का ते पाहा. हवा शिरली असेल तर चाक सहसा जड नाही, स्पंजासारखं लागतं. चुकीचं, घट्ट तेल भरलं असेल तर मात्र जड होतं. या यंत्रणांना एमआयएल-एच-५६०६ दर्जाचं पातळ हायड्रॉलिक तेल लागतं. ब्रेक ऑइल कधीही भरू नका, सील फुगतात.

पाण्यावर तपासणी

जमिनीवर चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. मग इंजिन पूर्ण वर उचलून पुन्हा फिरवा, केबल कुठे ताणत नाही ना ते दिसेल. नंतर उथळ, मोकळ्या पाण्यात कमी वेगाने दोन्हीकडे वळणं घ्या.

जमिनीवर हलकं, पण वेग वाढवल्यावर एकाच बाजूला जड, असं असेल तर केबलला दोष देऊ नका. ती पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याची ओढ आहे. पंख्याच्या वर, आडव्या पट्टीखाली छोटा ट्रिम टॅब, म्हणजे वळवता येणारं पातं, असतो. मागून पाहताना होडी उजवीकडे ओढत असेल तर टॅबची मागची कड थोडी उजवीकडे सरकवा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एका वेळी अगदी थोडं, मग पुन्हा पाण्यावर. बऱ्याच इंजिनांत हा टॅब झिंकचाही असतो, त्यावर रंग मारू नका.

खाऱ्या पाण्यात रोज चालणाऱ्या होडीला दर महिन्याला, आणि सुट्टीपुरत्या काढलेल्या होडीला दर ६० दिवसांनी ग्रीस द्या. पावसाळ्यासाठी झाकायच्या दिवशी इंजिन गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस भरा, चाक टोकापर्यंत फिरवून रॅम पूर्ण आत घ्या आणि मग ताडपत्री ओढा. अधूनमधून पावसाची उघडीप मिळाली की चाक एकदा इकडून तिकडे फिरवून रॅम परत आत न्या.